आरशासारखं पाणी: ऑफिसातल्या फिश टँकच्या नोंदी

६ जानेवारी, सोमवार

टाकीचा ताबा आजपासून माझ्याकडे. इतकी वर्षं ज्यांनी ती सांभाळली ते डिसेंबरअखेर निवृत्त झाले. जाताना दाण्यांचा डबा, जाळी आणि एक सूचना देऊन गेले: "काही करावं लागत नाही, पाणी कमी झालं की भरायचं." मासे जगलेत, म्हणजे चुकीचं काही नसेल, असं मीही धरून चालले होते. घरून टेस्ट किट आणलं ते निव्वळ सवयीने.

आधी माप. आतून ७५ × ३० सेंमी, पाण्याची उंची ३६ सेंमी, म्हणजे ८१ लिटर. खडे, दगड आणि तो प्लास्टिकचा किल्ला वजा करता ७२ लिटर धरते. औषध किंवा थेंब कधी घालायची वेळ आली तर हिशेब ७२ चा, दुकानातल्या कागदावरच्या ९० चा नाही.

मासे: ब्लॅक विडो टेट्रा ६, कोरिडोरस ३ आणि एक ब्रिस्टलनोज प्लेको, ज्याची आज दिवसभरात फक्त शेपटी दिसली. फिल्टर खालच्या कपाटात, बंद डब्याचा, म्हणजे कॅनिस्टर. तापमान २५.

टाकीचं पाणी: पीएच ६.०. अमोनिया २. नायट्राइट ०. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटांचं माप): पहिल्याच थेंबाला रंग बदलला, म्हणजे १ किंवा त्याहूनही कमी. नायट्रेटचा रंग पट्टीवरच्या सगळ्यात गडद लालच्याही पुढे. म्हणून एक भाग टाकीचं आणि तीन भाग आरओचं, म्हणजे पिण्याच्या मशीनचं, पाणी मिसळून पुन्हा केली. ४० आलं, म्हणजे खरं सुमारे १६०. (दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर ही टेस्ट हमखास कमी दाखवते. पूर्वी घरच्या टाकीत यात फसले आहे.)

नळाचं पाणी: पीएच ७.८, केएच ८, नायट्रेट ५.

सगळे आकडे मिग्रॅ प्रति लिटर, केएच अंशांत. येणारा-जाणारा प्रत्येकजण म्हणतोय, "पाणी किती स्वच्छ आहे, आरशासारखं!" आहे खरं.

७ जानेवारी

काल संध्याकाळी त्या सहकाऱ्यांना फोन केला. पाणी कुठलं भरत होता? "पिण्याच्या मशीनचं. सगळ्यात शुद्ध." आणि काढत किती होता? "काढायचं कशाला?"

कोडं सुटलं. टाकीतून उडून जातं ते नुसतं पाणी. त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. त्यामुळे नायट्रेट साठत गेलं. आणि अमोनियाचं नायट्रेट करताना फिल्टरमधले जिवाणू आम्ल तयार करतात. ते पचवायला पाण्यातली कार्बोनेटं खर्ची पडतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सात ग्रॅमहून थोडी जास्त. केएच म्हणजे हीच शिल्लक. नळाच्या पाण्यातून ती पुन्हा भरली जाते, आरओच्या पाण्यात जवळजवळ काहीच नसतं. शिल्लक संपली, पीएच घसरला, आणि पीएच ६ च्या आसपास आला की हे जिवाणू काम जवळपास थांबवतात. म्हणून अमोनिया २.

मग मासे जिवंत कसे? त्याच घसरलेल्या पीएचमुळे. किट मोजतं ते एकूण. त्यातला विषारी भाग किती हे पीएच ठरवतो: २५ अंशांना पीएच ६ वर दहा हजारांत सुमारे ६ भाग, ७ वर सुमारे ५७, ८ वर सुमारे ५४०. बाकीचा अमोनियम, तुलनेने निरुपद्रवी.

म्हणजे मी आज उत्साहाने अर्धं पाणी काढून नळाचं भरलं असतं, तर अमोनिया २ चा १ झाला असता आणि पीएच साडेसातच्या घरात गेला असता. एकूण निम्मं, विषारी भाग पंधरा पट. संध्याकाळी मासे मेले असते आणि सगळे म्हणाले असते, बघा, पाणी बदललं म्हणून मेले. वर्षानुवर्षं न बदललेल्या टाक्यांबाबत ही समजूत अशीच पसरते.

ठरवलं: कामाच्या पाच दिवशी रोज ७ लिटर, म्हणजे जेमतेम दहा टक्के. आज पहिली बादली. ओतताना मगने, धार काचेवर सोडून, पंधरा मिनिटं लावून.

बादली नवीन, तिच्यावर मार्करने "मासे" लिहिलंय. फरशी पुसायला कुणी नेली तर ती परत घेणार नाही. साबणाचा अंश पुरतो.

८ जानेवारी

क्लोरिनबद्दल. रात्रभर उघडं ठेवलेल्या पाण्यातून क्लोरिन बऱ्यापैकी उडून जातो, पण क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) वापरलं असेल तर ते तसं जात नाही. नळाला काय येतं याची मला खात्री नाही, म्हणून क्लोरिन मारणारे थायोसल्फेटचे थेंब घालतेच, बादलीत, टाकीत नाही.

दाण्यांचा डबा माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. आज विचारपूस केली तर कळलं, टाकीला सहा जण खाऊ घालतात. सहाही जणांचं मत: "मी फक्त चिमूटभर."

१४ जानेवारी

पाच बादल्या काल पूर्ण झाल्या. पीएच ७.०, केएच ४, अमोनिया १, नायट्राइट ०.२५, नायट्रेट १०० च्या आसपास. गणिताशी जुळतंय (०.९ चा पाचवा घात ०.५९). नायट्राइट दिसलं याचा आनंद आणि धास्ती दोन्ही. पहिल्या टप्प्यातले, अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू जागे झालेत, दुसऱ्या टप्प्यातले, नायट्राइटचं नायट्रेट करणारे, अजून मागे आहेत.

प्लेको आज पूर्ण दिसला. कल्पनेपेक्षा मोठा आहे.

१५ जानेवारी

फिल्टर उघडला. आधी प्रवाह मोजला: बाहेर येणाऱ्या पाइपखाली बादली धरली, ५ लिटरला अडीच मिनिटं. म्हणजे ताशी १२० लिटर. डब्यावर ५०० छापलंय. तो आकडा आत काही न भरता मोजलेला असतो हे मान्य, पण १२० म्हणजे टाकी तासाला दोनदाही फिरत नाही. चार-पाचदा तरी फिरावी.

आत काय होतं ते लिहायला हवं. खालच्या जाड स्पंजवर वाटीभर मऊ चिखल. वरचा स्पंज चप्पलच्या तळासारखा दबलेला. मधल्या टोपलीत सिरॅमिक रिंगा, तपकिरी, पण भोकं मोकळी. सगळ्यात वर कापसाची गादी आणि कोळशाची पिशवी. कोळसा काही आठवड्यांत भरून जातो, त्यानंतर त्याचा शोषायला उपयोग नाही. ही पिशवी काही वर्षांची असावी. आणि एक वास. सडक्या अंड्याचा, हलका, पण नक्की. त्याचं कारण आज कळलं नाही.

केलेलं काम: टाकीतलंच पाणी बादलीत काढून दोन्ही स्पंज त्यात पिळले. नळाखाली धरले नाहीत. चिखल जातो पण क्लोरिनने जिवाणूही जातात. पाणी चहासारखं दिसेपर्यंत तीन वेळा. रिंगांना हात लावला नाही. इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) काढून त्याची खाच बारीक ब्रशने साफ केली, केसांचा एक गुंता निघाला. झाकणाची ओ-रिंग पुसून बसवली. कापूस आणि कोळसा फेकला, जागी नवा कापूस.

नंतर: ५ लिटरला ५० सेकंद. ताशी ३६०, पाच फेऱ्या. खूष होऊन घरी गेले.

१६ जानेवारी, गुरुवार

पहिली नोंद घेण्यासाठी आज आठच्या आधी आले. ऑफिस अंधारात. फिल्टर बंद. वाटलं, काल मीच काहीतरी चुकीचं बसवलं. कपाट उघडलं तर प्लगच बंद.

रात्रपाळीचे सुरक्षारक्षक काका आले आणि सराईतपणे बटण दाबलं.

"काका, हे रोज बंद करता?"

"हो मॅडम. जाताना सगळे स्विच बंद, असा नियमच आहे. सकाळी आठला मी चालू करतो, विसरत नाही कधी."

"आणि शनिवार-रविवार?"

"शुक्रवारी रात्री बंद, सोमवारी सकाळी चालू."

मी टाकीसमोरच्या खुर्चीत बसले. काका शेजारी उभे राहून कौतुकाने सांगू लागले, "सकाळी मी आलो की सगळे वर येतात बघा, तोंड उघडतात, मिटतात. मला ओळखतात. सोमवारी तर जास्तच, दोन दिवस भेट नसते ना."

काचेत पाहिलं. पाचही सेंमी अंतर न ठेवता सहाही टेट्रा पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून होते. प्राणवायू कमी पडला की मासे तेच करतात; वरचा पातळ थर हवेला लागून असतो, तिथे तो थोडा जास्त मिळतो. २५ अंशांच्या पाण्यात फार तर ८.३ मिग्रॅ प्रति लिटर एवढाच मावतो, आणि पृष्ठभाग हलला नाही तर संपलेला भरून निघत नाही.

काकांना काय आणि कसं सांगावं हे सुचेना. म्हटलं, "काका, हा स्विच आता कधीच बंद करायचा नाही. यांना रात्री गुदमरतं." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही."

खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

कालच्या वासाचा उलगडाही झाला. बंद डब्यातल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू काही तासांत संपवतात. मग तिथे ज्यांना तो लागत नाही असे जिवाणू चढतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सकाळी आठला तेच पाणी टाकीत ढकललं जायचं. दर सोमवारी तर साठ तासांचं मुरलेलं.

१७ जानेवारी

फिल्टर वेगळ्या सॉकेटवर घेतला, बटणावर पारदर्शक टेप, वर चिठ्ठी. दिवा टायमरवर, रोज आठ तास. वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, सॉकेटात जाणार नाही. हवेचा छोटा पंप आणि साधा स्पंज फिल्टरही घरून आणून लावला. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवलाय आणि नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) आहे. दोन्हीपैकी एकही नसेल तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात उतरतं.

टेपखाली काकांनी पेनने स्वतःची ओळ जोडली आहे: "बंद करू नये. जीव आहे."

२० जानेवारी

अमोनिया ०.२५, नायट्राइट १.

ही माझी करणी. १५ तारखेला एकाच दिवशी दोन्ही स्पंज पिळले, कापूस फेकला, कोळसाही फेकला. एका वेळी एकच गोष्ट, हे मला माहीत होतं. चिखल दिसला आणि हात आवरला नाही. कोळसा शोषण्यासाठी निकामी असला तरी त्याच्यावर जिवाणूंची वस्ती होतीच. आधीच अर्धमेल्या फिल्टरचा मी आणखी एक हिस्सा कचऱ्यात टाकला.

नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं आणि हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन करतं, जे प्राणवायू वाहू शकत नाही. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. क्लोराइड त्याच वाटेने आत जातं, त्यामुळे पाण्यात ते पुरेसं असलं तर नायट्राइटला वाट कमी मिळते. नायट्राइटच्या दहापट क्लोराइड पुरे. ७ ग्रॅम साधं मीठ मगभर पाण्यात विरघळवून घातलं: ७२ लिटरमध्ये क्लोराइड सुमारे ६० मिग्रॅ प्रति लिटर. मगातलं पाणी मी चाखून पाहिलं तर खारट होतं, टाकीतलं चवीला कळणारही नाही इतकं कमी. कोरिडोरसला मीठ फार सोसत नाही, एवढं चालतं.

शिवाय १८ लिटर पाणी बदललं. पीएच आता नळाच्या बराच जवळ आलाय, त्यामुळे पंचवीस टक्क्यांची भीती उरलेली नाही. दाणे बंद, बुधवारपर्यंत.

२२ जानेवारी

एक ब्लॅक विडो गेला. सगळ्यात मोठा. कल्ल्याची झाकणं उचलून पाहिली, आत लाल नाही, तपकिरी.

एकट्या नायट्राइटने गेला असं म्हणता येत नाही. वर्षानुवर्षांच्या त्या रात्री त्याच्या अंगात होत्याच. पण १५ तारखेची नोंद मी खोडणार नाही.

२४ जानेवारी

नायट्राइट ०.५. एका सहकाऱ्याने प्रेमाने जिवाणूंची बाटली आणून दिली. लेबलवर नायट्रोबॅक्टर. विनोग्राडस्कींनी १८९० च्या सुमारास नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट, करणारे जिवाणू वेगळे काढले, आणि पुढे शंभर वर्षं नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टरच करतो असंच सगळीकडे छापलं गेलं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांमधले फिल्टर तपासल्यावर दिसलं की तिथे हे काम नायट्रोस्पिरा करतात. २०१५ मध्ये तर असे नायट्रोस्पिरा सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळी वाट एकटे चालतात. त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाले होते. बाटली ड्रॉवरमध्ये ठेवली. त्यापेक्षा घरच्या जुन्या टाकीतला एक मळका स्पंज ओल्या पिशवीत आणून कॅनिस्टरमध्ये बसवला. घरचे मासे निरोगी आहेत, नाहीतर हे केलं नसतं. स्पंजाबरोबर रोगही येतो.

२७ जानेवारी

नायट्राइट ०.२५, अमोनिया ०. १८ लिटर बदललं.

३ फेब्रुवारी

अमोनिया ०, नायट्राइट ०. केएच ६, पीएच ७.४. नायट्रेट ४०. पहिल्यांदाच सगळे आकडे एका ओळीत सभ्य दिसताहेत.

१० फेब्रुवारी

खड्यांची पाळी. सायफनची रुंद नळी खड्यांत खुपसायची, गाळ वर चढला की अंगठ्याने धार अडवायची, खडे खाली बसू द्यायचे, पुढच्या जागी जायचं. फक्त डावी बाजू केली. बादली भरली की थांबायचं, कारण नळी चालू असताना पाणी किती गेलं याचं भान राहत नाही. किल्ला उचलल्यावर खालचे खडे काळे. त्या ढगासह लगेच सायफनमध्ये ओढले. उजवी बाजू पुढच्या महिन्यात.

किल्ला परत ठेवू नये असं माझं मत होतं. प्लेको दोन तास उघड्या जागेत कुठे जावं ते न कळून काचेला चिकटून राहिला. किल्ला परत ठेवला.

१८ फेब्रुवारी

दुपारी वीज गेली, पाच तास. दाणे नाहीत. दर पंधरा मिनिटांनी मगभर पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओतलं, वीस-पंचवीस वेळा. साडेपाचला मला निघावं लागलं, तेव्हा काका कामावर आले होते. त्यांनी मग हातातून घेतला आणि घड्याळ बघून सुरू झाले.

सातला त्यांचा फोन आला: वीज आली, आता काय? कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवायला मी सांगून गेले होते, म्हणजे डब्यातलं कोंडलेलं पाणी टाकीत जाणार नाही. फोनवर पायरी-पायरीने: दोन्ही व्हॉल्व्ह बंद, डबा बाथरूममध्ये न्या, पाणी ओतून द्या, स्पंज-रिंगांना हात लावू नका, टाकीतलं पाणी भरून झाकण लावा, व्हॉल्व्ह उघडा, मग प्लग. "वास येतोय मॅडम, तुम्ही म्हणालात तोच." एरवी हा वास टाकीत गेला असता.

दुसऱ्या दिवशी अमोनिया ०, नायट्राइट ०.

३ मार्च

नायट्रेट दर सोमवारी, पाणी बदलायच्या आधी, ४० ते ५० च्या मध्ये अडकलंय. चूक मोजण्यात नाही, हिशेबात आहे. आठवड्याला अंदाजे १० ची भर, नळातून ५, आणि मी काढते पाव हिस्सा. या तिन्हींचा मेळ ४५ वरच बसतो. दहा टक्केच बदलत राहिले असते तर तो १०५ वर बसला असता. पाणी आणखी बदलण्यापेक्षा भर कमी करणं सोपं. दाणे निम्मे, दोन मिनिटांत संपतील तेवढेच, आणि शनिवार-रविवार उपास आहेच. भर ५ वर आली तर आकडा २५ वर येऊन थांबायला हवा.

सहा जणांपैकी पाच जण अजून विचारतात, "आज मी घालू?" आठवड्याचे वार वाटून दिलेत. सहावा माझ्यावर रागावला आहे.

१० मार्च

खड्यांची उजवी बाजू झाली. कॅनिस्टरचा प्रवाह: ५ लिटरला ६५ सेकंद, ताशी २७७. वेळ झाली होती. फक्त खालचा स्पंज पिळला, बाकी तसंच. नंतर ५२ सेकंद.

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ३० च्या जवळ, उतरतंय. केएच ७, पीएच ७.६. पाण्यावर किंचित पिवळसर झाक आहे. आणलेल्या लाकडाच्या तुकड्यातून रंग सुटतोय. दोघांनी विचारलं, "पाणी पूर्वीसारखं स्वच्छ का नाही?"

सकाळी लवकर आले होते. टेट्रा खालच्या थरात, लाकडाभोवती सावकाश फिरत होते. काका काचेवर बोटाने टकटक न करता नुसते वाकून बघत होते.

"मॅडम, आता वर येत नाहीत हो. ओळखच विसरले."

पुढचं काम: ७ एप्रिल, वरचा स्पंज. खालच्याला हात लावायचा नाही. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस आणायचं आहे.